नोटेच्या मागचा व्हिएतनाम : अभ्याससहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

आमच्या वस्तीतील एक मुलगी महाविद्यालयाच्या अभ्याससहलीबरोबर व्हिएतनामला जाऊन आली. परत आल्यावर चार दिवसांनी ती बँकेत आली आणि काउंटरवर पाच नोटा ठेवून म्हणाली, "जयभीम काका. ह्या बदलून मिळतील का?" आमच्या शाखेत परकीय चलनाचा व्यवहार होत नाही, तेव्हा नोटा बदलून देता आल्या नाहीत. पण नोट हातात आली की ती उलटून पाहण्याची आम्हा बँकवाल्यांना सवय असते. पाचही नोटांच्या पुढच्या बाजूस हो ची मिन्ह यांचे चित्र होते. मागच्या बाजूस मात्र प्रत्येकीवर वेगळे स्थळ. मी सहज विचारले, "ह्यातले काय काय पाहिलेस?" ती म्हणाली, "दोन-तीन पाहिले असेल काका. खूप छान होते. फोटो दाखवू?" फोटो नऊशेच्या वर होते.

ह्या मुलीच्या आईने सहलीसाठी आवर्ती ठेव मुदतीआधी मोडली होती. तो अर्ज मीच भरून दिला होता. (हे मायलेकींना विचारूनच लिहीत आहे.) त्या घरातून निघालेला हा पहिला पासपोर्ट. पुढे संस्थेच्या बैठकीत दुसऱ्या दोन विद्यार्थ्यांचे अर्ज आले. अशाच सहलीसाठी शिक्षण साहाय्य निधीतून काही रक्कम मिळावी, अशी त्यांची मागणी होती. एका ज्येष्ठ सभासदांनी स्पष्टच विचारले, "ही मौज आहे की शिक्षण? मौज असेल तर वर्गणीच्या पैशाने का?" प्रश्न कडू होता, पण रास्त होता. उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचनालयात तीन रविवार त्या मुलीचे फोटो भिंतीवर लावून पाहिले. ती सांगे, मुले विचारीत आणि आधी वाचून ठेवलेले मी जोडीत असे. त्या तीन रविवारांतून हा पाठ तयार झाला.

आधी थोडा भूगोल. व्हिएतनाम हा उत्तर-दक्षिण सुमारे १६५० किलोमीटर लांबीचा, चिंचोळा देश आहे. डोंग होई शहराजवळ तर तो पूर्व-पश्चिम जेमतेम ५० किलोमीटर रुंद आहे. किनारपट्टी ३२०० किलोमीटरहून अधिक. लोकसंख्या दहा कोटींच्या आसपास असून सरकारने ५४ जनसमूह मान्य केले आहेत. त्यांतील किन्ह हा समूह बहुसंख्य. उत्तरेस लाल नदीचे खोरे, दक्षिणेस मेकाँगचे खोरे आणि मध्ये डोंगर व समुद्र यांच्यात सापडलेली अरुंद पट्टी. दोन्ही खोऱ्यांत भात. आपल्या भंडारा-गोंदियाच्या मुलांना रोवणी आणि बांधी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्यांना हा देश बाहेरून तरी ओळखीचा वाटेल. व्हिएतनामी भाषेत 'नुओक' ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक पाणी आणि दुसरा देश. जो शब्द विहिरीसाठी तोच मायभूमीसाठी. सहलीला निघणाऱ्याने हा एक शब्द तरी पाठ करून जावे, कारण पुढे जे जे दिसते त्याच्या मुळाशी पाणीच असते.

आता नोटांकडे वळू. एक लाख डाँगच्या नोटेवर हनोईचे वान मिएऊ, म्हणजे साहित्यमंदिर आहे. (लाख ऐकून दचकू नये. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग पडतात.) राजा ली थान तोंग याने १०७० मध्ये कन्फ्यूशियसच्या नावाने ते बांधले. १०७६ मध्ये तेथे राजविद्यालय सुरू झाले. अंगणात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत. राज्याच्या सर्वोच्च परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. परीक्षा १४४२ पासून १७७९ पर्यंतच्या. पूर्वी परीक्षेच्या आधी विद्यार्थी येऊन ह्या कासवांच्या डोक्यावर हात फिरवीत. दगड झिजू लागल्यामुळे आता कठडा घातला आहे. ह्या जागेचे आमच्या मुलीकडे चाळीसेक फोटो होते, पैकी पंचवीस कासवांचे.

तेथे मी मुलांना थांबवले आणि विचारले, ह्या दगडांवर कोणाची नावे नाहीत? शिकलेल्यांचा एवढा सन्मान कोरून ठेवणारी जागा पाहिली की मन भरून येते. आपल्याला तर अधिकच येते. परंतु सोळाव्या शतकात दाओ दुई तू नावाचा एक बुद्धिमान तरुण ह्याच परीक्षेच्या दारातून परत पाठवला गेला. कारण काय? बाप गाणारा-नाचणारा कलावंत होता. कलावंताच्या मुलाला परीक्षेला बसता येत नव्हते. मग तो दक्षिणेस गेला. तेथील न्युएन सरदारांनी त्याला पदरी ठेवले. त्याने डोंग होईजवळ मोठी तटबंदी उभारून दिली आणि त्याला नाकारणाऱ्या उत्तरेच्या फौजा तीच तटबंदी वर्षानुवर्षे ओलांडू शकल्या नाहीत. स्त्रियांना तर ह्या परीक्षेचे दार बंदच होते. तेव्हा ८२ शिलालेखांसमोर उभे राहून फोटो जरूर काढावा. परंतु वहीत एक ओळ दाओ दुई तूचीही लिहावी. वाचनालयात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी कधी बोलत नाही, म्हणाला, "काका, हे आपल्याला माहीत आहे." त्यावर मी काही बोललो नाही.

हनोईत आणखी एक जागा आहे. वेस्ट लेक ह्या तलावाच्या काठी त्रान क्वोक पॅगोडा आहे. त्याच्या आवारात एक बोधिवृक्ष आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद १९५९ मध्ये व्हिएतनामला गेले होते, तेव्हा त्यांनी तो भेट दिला. आमच्या मुलीच्या एका फोटोत ते झाड मागे अर्धवट आले आहे, पुढे मुलामुलींचा गट. कोणी त्यांना सांगितलेच नव्हते.

हनोईपासून साधारण तीस किलोमीटरवर बाक निन्ह प्रांतात दाउ पॅगोडा आहे. तो कोणत्याच नोटेवर नाही आणि सहलीच्या कार्यक्रमातही बहुधा नसतो. माझ्या मते तो पहिल्या क्रमांकावर असायला हवा. हा भाग प्राचीन लुई लाउ. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात येथे समुद्रमार्गे व्यापारी येत आणि त्यांच्याबरोबर भिक्षू येत. तिसऱ्या शतकातील भिक्षू खुओंग तांग होई ह्याच प्रदेशातील. त्याचे घराणे मूळचे मध्य आशियातील सोग्दियाचे, पण भारतात राहिलेले, आणि बाप व्यापारासाठी इकडे येऊन स्थायिक झालेला. येथूनच तो पुढे चीनमध्ये धम्म सांगण्यास गेला. म्हणजे बुद्धधम्म व्हिएतनामला केवळ चीनकडून आला असे जे सरसकट सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. भाषेतही त्याचा पुरावा आहे. बुद्धाला व्हिएतनामीत आज 'फात' म्हणतात, तो शब्द चिनी वळणाचा. परंतु जुन्या लोककथांत दुःखी मुलीच्या मदतीला धावणारा 'बुत' भेटतो. हा शब्द थेट भारतीय 'बुद्ध'वरून आला, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडचा शब्द तेथे आजीच्या गोष्टीत राहून गेला आहे.

दाउ पॅगोडाची कथा अशी. खाउ दा ला नावाचा एक भारतीय भिक्षू येथे आला. पुढे वादळात पडलेले एक मोठे झाड नदीतून वाहत आले आणि त्याच्या खोडातून चार मूर्ती घडवण्यात आल्या. त्यांची नावे फाप वान, फाप वू, फाप लोई आणि फाप दिएन. अर्थ धम्ममेघ, धम्मवर्षा, धम्मगर्जना आणि धम्मविद्युत. ढग, पाऊस, मेघगर्जना, वीज! भातशेती करणाऱ्या माणसाला आणखी काय हवे असते? दुष्काळ पडला की ह्या मूर्तींपुढे पावसासाठी प्रार्थना होत असे.

येथे आमच्या वर्गात वाद झाला. एक विद्यार्थिनी म्हणाली, "हा कुठला बुद्धधम्म? पावसासाठी प्रार्थना, मूर्तीपुढे फळे, धूप, कागदी नोटा जाळणे!" आपल्या घरांत बावीस प्रतिज्ञा पाठ करून वाढलेल्या मुलांना व्हिएतनामी पॅगोडात प्रवेश करताच हा धक्का बसणारच. तेथे बुद्धाच्या मागे पूर्वजांच्या तसबिरी असतात, बाजूस मातृदेवता असते. माझे म्हणणे एवढेच की, निकाल देण्याची घाई करू नये आणि डोळेही मिटून घेऊ नयेत. जे दिसते ते लिहून घ्यावे. कागदी नोटा व वस्तू जाळण्याची प्रथा बुद्धवचनात नाही, ती पॅगोडात बंद करावी, असे आवाहन व्हिएतनामच्या बौद्ध संघानेच २०१८ मध्ये केले. म्हणजे जो वाद आमच्या वाचनालयात झाला तोच तेथेही चालू आहे. पाहुण्याने आधी घरातली माणसे काय बोलतात ते ऐकावे.

दोन लाखांच्या नोटेवर हा लाँगचा उपसागर आहे. समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे सुमारे सोळाशे सुळके आणि बेटे. युनेस्कोने १९९४ मध्ये जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद केली. 'हा लाँग' म्हणजे खाली उतरणारा ड्रॅगन. ड्रॅगनने समुद्रात रत्ने टाकली आणि शत्रूची जहाजे अडली, ही कथा बोटीवर प्रत्येकाला सांगतात. खरे कारणही कथेइतकेच सुरस आहे. पावसाचे पाणी चुनखडी विरघळवीत गेले, डोंगरांचे सुळके उरले आणि शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढून दऱ्यांत पाणी शिरले. निन्ह बिन्हजवळच्या त्रांग आनमध्ये हीच सुळक्यांची रचना जमिनीवर, भातखाचरांच्या मधोमध पाहायला मिळते. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत पाहिली तर पुस्तकातले एक प्रकरण कायमचे लक्षात राहील.

हा लाँगच्या नोटेवर सुळके आहेत, नावा आहेत. माणसे? कुआ वानसारखी तरंगती गावे ह्या उपसागरात पिढ्यान्‌पिढ्या होती. घर पाण्यावर, शाळाही पाण्यावर. प्रदूषण, वादळांची भीती आणि मुलांचे शिक्षण ही कारणे देऊन २०१४ मध्ये तेथील कुटुंबांना किनाऱ्यावर वसवण्यात आले. मुलांना चांगली शाळा मिळाली ही गोष्ट खरी. मासेमारीवर जगणाऱ्यांना जमिनीवर पोट कसे भरावे हे कळेना, हीसुद्धा खरी. दोन्ही बाजू विचारण्यासारख्या आहेत, पण विचारणार कोण? बोट तीन तास फिरते, जेवण देते आणि परत आणते. उपसागरालगत कात बा बेटावर सोनेरी डोक्याचे लंगूर राहते. जगात इतरत्र कोठेही ते नाही आणि त्यांची संख्या शंभराहून कमी आहे. एवढ्या वर्गात मावतील इतकेच.

आणखी एक सूचना पालकांसाठी. २०२५ च्या जुलैमध्ये ह्याच उपसागरात अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटली आणि तिसाहून अधिक माणसे दगावली. त्याआधीच्या वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरात, यागी वादळाने हा किनारा झोडपला होता. पावसाळ्यात बोट रद्द झाली तर पैसे बुडाले म्हणून गटप्रमुखाशी भांडू नये. जीवरक्षक जाकीट फोटोपुरते न घालता शेवटपर्यंत अंगावर ठेवावे.

ह्या भागातील बाक डांग नदीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समुद्राजवळ असल्यामुळे तिला भरती-ओहोटी असते. ९३८ मध्ये न्गो क्वेन याने नदीच्या तळाशी टोकदार खांब रोवले. भरतीत शत्रूची जहाजे आत घेतली. ओहोटी लागताच ती खांबांवर अडकली. चीनची हजार वर्षांची सत्ता त्या लढाईने संपली. १२८८ मध्ये हाच डाव त्रान हुंग दाओ याने मंगोल आरमारावर उलटवला. त्या वेळी गादीवर राजा त्रान न्यान तोंग होता. जगज्जेत्या मंगोलांना परतवणारा हा राजा १२९३ मध्ये मुलाकडे राज्य सोपवतो आणि १२९९ मध्ये येन तू पर्वतावर भिक्षू म्हणून राहू लागतो. त्याने स्थापन केलेल्या ध्यानपरंपरेचे नाव त्रुक लाम. अर्थ काय? बांबूंचे वन. आपण ज्याला वेळुवन म्हणतो तेच! येन तू आणि परिसरातील स्थळांचा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हा लाँगला जाणारी बस ह्या डोंगराच्या पायथ्याजवळून जाते, पण थांबत नाही. गटाने आधी सांगितले तर थांबू शकते.

पन्नास हजारांच्या नोटेवर हुए शहरातील नदीकाठचा राजमंडप आहे. हुए ही १८०२ ते १९४५ पर्यंत न्युएन राजघराण्याची राजधानी. राजवाडा मोठा आहे, तो पाहावा. परंतु आपल्या विद्यार्थ्यांनी जास्त वेळ नदीच्या वरच्या अंगास असलेल्या तिएन मू पॅगोडात घालवावा. १६०१ मध्ये त्याची स्थापना झाली. पुढचा सात मजली मनोरा १८४४ चा. मागच्या बाजूस एका शेडमध्ये निळी, जुनी ऑस्टिन मोटार ठेवलेली आहे.

ही मोटार तेथे का आहे? १९६३ साली दक्षिण व्हिएतनाममध्ये अध्यक्ष दिएम यांची राजवट होती. ८ मे रोजी बुद्धजयंतीच्या दिवशी हुएमध्ये बौद्ध ध्वज लावण्यास मनाई करण्यात आली. हाच तो पंचरंगी ध्वज, जो आपल्या विहारावर आहे. लोक आकाशवाणी केंद्रासमोर जमले. सैन्याच्या कारवाईत आठ जण मरण पावले, त्यांत मुलेही होती. त्यानंतर महिनाभर निवेदने, उपोषणे, मोर्चे झाले. ११ जून रोजी सायगावच्या एका चौकात ह्या मोटारीतून भिक्षू तिक क्वांग डुक उतरले, पद्मासनात बसले आणि त्यांनी स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले. ते छायाचित्र जगभर छापले गेले. नोव्हेंबरमध्ये ती राजवट कोसळली.

आत्मदहनाचा हा मार्ग मला पटतो का? नाही. मी दोन मुलांचा बाप आहे आणि तरुण वाचकांसमोर लिहीत आहे. लढा जिवंत राहून द्यावा असे मला वाटते. परंतु एका ध्वजासाठी कोणाला काय द्यावे लागले हे ठाऊक नसताना त्या मोटारीपुढे हसतमुखाने फोटो काढणे बरे नव्हे. आमच्या गटातील मुलांनी तसा काढला होता. ती मुलगी तो फोटो भिंतीवर पाहताना गप्प झाली. नंतर म्हणाली, "गाईडने एका मिनिटात सांगितले काका, आणि ते इंग्रजीत होते."

हुए शहरातच तू हिएऊ पॅगोडा आहे. भिक्षू तिक न्यात हान ह्यांनी सोळाव्या वर्षी येथे दीक्षा घेतली. १९६५ च्या सुमारास युद्ध पेटलेले असताना त्यांनी तरुणांसाठी समाजसेवेचे विद्यालय काढले. विद्यार्थी बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या गावांत जात, शाळा बांधत, दवाखाने चालवत. कोणत्याच पक्षाची बाजू न घेतल्यामुळे दोन्हीकडून संशय पदरी आला. काही जणांना जीव गमवावा लागला. स्वतः न्यात हान १९६६ मध्ये शांततेचे आवाहन करण्यासाठी परदेशी गेले आणि त्यांना जवळजवळ चाळीस वर्षे मायदेशी परतता आले नाही. २०१८ मध्ये ते कायमचे तू हिएऊला आले आणि जानेवारी २०२२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्या विद्यालयातील मुले वयाने आपल्या महाविद्यालयीन मुलांएवढीच होती. साहाय्य निधीतून सहलीला जाणाऱ्याने ह्या आवारात अर्धा तास बसून यावे, एवढी अट घालण्यास माझी हरकत नाही.

वीस हजारांची नोट होई आनच्या जपानी पुलाची. हे जुने बंदर अगदी सुंदर जपले आहे. कंदिलांची गर्दी, दुकानांची गर्दी, त्याबद्दल सर्वत्र लिहिलेले असते. मी एवढेच सांगेन की, तेथील जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा पाहाव्यात. पाणी घरात किती चढले ते वर्ष घालून लिहिलेले आढळते. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस हुए आणि होई आन पुन्हा पुराखाली गेले. म्हणून दिवाळीच्या सुटीत मध्य व्हिएतनामची सहल ठरवू नये.

होई आनपासून जवळच मी सोन आहे. चंपा राज्याची ही विटांची शिवमंदिरे आणि त्यांतील संस्कृत शिलालेख पाहून भारतीय पर्यटकांना फार अभिमान वाटतो. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत तेथील सर्वांत भव्य मंदिर जमीनदोस्त झाले. पुढे आपल्या पुरातत्त्व खात्याने काही मंदिरांची दुरुस्ती केली. ते सारे ठीकच. पण त्याच चंपा राज्यात राजा इंद्रवर्मन दुसरा याने ८७५ मध्ये डोंग दुओंग येथे लक्ष्मींद्र-लोकेश्वर नावाने मोठा बौद्ध विहार उभारला होता. तोही युद्धात नष्ट झाला. आज टेकू देऊन उभा केलेला एका दरवाजाचा अवशेष तेवढा शिल्लक आहे. तेथे १९११ मध्ये मिळालेली बुद्धाची कांस्यमूर्ती हो ची मिन्ह सिटीच्या इतिहास संग्रहालयात आहे. तिचे वळण आपल्या अमरावतीच्या शिल्पांची आठवण करून देते. डोंग दुओंगची इतर शिल्पे दा नांगच्या चाम संग्रहालयात आहेत. सहलीची बस दा नांगमध्ये समुद्रकिनाऱ्यावर तीन तास थांबते. त्यांतला एक तास मागून घ्यावा.

दहा हजारांच्या नोटेवर समुद्रातील तेलविहिरीचे चित्र आहे. ते सोडून आता दक्षिणेकडे, जेथे मला नोटा अपुऱ्या वाटल्या.

१९६१ ते १९७१ या दहा वर्षांत अमेरिकी विमानांनी दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशके फवारली. झाडाखाली लपलेला शत्रू दिसावा म्हणून झाडच मारायचे! त्यातील 'एजंट ऑरेंज' ह्या द्रव्यात डायॉक्सिन हे विष होते. त्याचे परिणाम पुढच्या पिढ्यांत जन्मलेल्या मुलांवरही झाल्याचे तेथील लोक सांगतात. हो ची मिन्ह सिटीतील युद्धअवशेष संग्रहालयात ती छायाचित्रे आहेत. लहान वयाच्या विद्यार्थ्यांना नेताना शिक्षकांनी आधी बोलून घ्यावे.

त्याच शहराच्या दक्षिणेला कान झो नावाचे खारफुटीचे जंगल आहे. फवारणीने ते जवळजवळ संपूर्ण मेले होते. १९७८ पासून लोकांनी चिखलात उभे राहून हाताने रोपे लावली. का माउ प्रांतातून बी आणले. जेथे उघडा चिखल होता तेथे पुन्हा दाट जंगल झाले आणि २००० मध्ये युनेस्कोने त्याला संरक्षित जीवावरण क्षेत्राचा दर्जा दिला. माणसाने मारलेले जंगल माणसाने परत उभे केले, याचे इतके स्पष्ट उदाहरण विद्यार्थ्यांना दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. सहलीवाले कू ची येथील भुयारे दाखवतात. मुलांना त्यांतून रांगायला आवडते. तीही पाहावीत, पण कान झोही पाहावे, आणि लवकर पाहावे. त्याच्या समुद्राकडील बाजूस भराव घालून मोठी वसाहत उभारण्याचे काम २०२५ मध्ये सुरू झाले आहे.

शेवटी एका पक्ष्याविषयी. वान मिएऊमध्ये, पॅगोडांत, पूर्वजांच्या देव्हाऱ्याजवळ, कासवाच्या पाठीवर उभा असलेला क्रौंच जागोजागी दिसतो. आमच्या मुलीच्या फोटोंत मी मोजले, एकवीस वेळा. दीर्घायुष्याचे ते चिन्ह. ह्याच कुळातला जिवंत पक्षी म्हणजे सारस. मेकाँगच्या खोऱ्यात त्राम चिम नावाचे पाणथळ राष्ट्रीय उद्यान आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे हजारावर सारस मोजले गेले होते. पुढे वणवा लागू नये म्हणून उद्यानात बारमाही पाणी अडवून ठेवण्यात आले. त्यामुळे ज्या लव्हाळ्याचे कंद सारस खातात ते कुजले. भोवती वर्षाला तीन-तीन पिके आणि कीटकनाशके आली. संख्या घटत घटत काही वर्षे एकही सारस उतरला नाही. आता पाणी पूर्वीसारखे कमी-जास्त होऊ देण्यास सुरुवात झाली आहे. थायलंडमधून आणलेल्या सारसांची पहिली तुकडी २०२५ मध्ये तेथे पोचली.

हे सांगितल्यावर वर्गात कोणी तरी म्हणाले, "सारस तर आपल्या गोंदियात आहेत." आहेत, पण मोजकेच, धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी. तेथेही औषध फवारणी, विजेच्या तारा आणि आटत चाललेले तलाव हाच प्रश्न आहे. वर्गातील पंधरा मुलांपैकी किती जणांनी सारस पाहिला आहे, असे मी विचारले. दोन हात वर झाले. माझा नव्हता.

आता थोडे व्यवहाराचे, कारण बँकेतला माणूस त्याशिवाय कसा थांबेल? पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा मिळतो. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे. एका अक्षराच्या चुकीने विमानतळावर रडण्याची वेळ येते. डाँग आपल्या बँकांत सहसा मिळत नाहीत. डॉलर नेऊन तेथे अधिकृत ठिकाणी बदलावेत आणि परतताना मोठ्या रकमेचे डाँग शिल्लक ठेवू नयेत. पाच लाखांची आणि वीस हजारांची नोट दोन्ही निळसर असतात, संध्याकाळी गफलत होते. आमच्या मुलीच्या गटातील एकाने नारळवालीला वीस हजार समजून पाच लाख दिले. त्या बाईने मागून हाका मारीत येऊन नोट परत केली. हा प्रसंग त्या मुलीने तीन रविवारांत तीन वेळा सांगितला. तिने पाहिलेला व्हिएतनाम मला सर्वांत जास्त त्यात दिसला. नकाशा नवा घ्यावा, कारण १ जुलै २०२५ पासून ६३ प्रांतांचे ३४ करण्यात आले आहेत आणि जुनी नावे सापडत नाहीत. शाकाहारी मुलांनी 'चाय' हा शब्द लक्षात ठेवावा. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला व पौर्णिमेला तेथील अनेक बौद्ध शाकाहार करतात, म्हणून ही भोजनालये गावोगाव आहेत. पॅगोडात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

समितीने दोन्ही अर्ज मंजूर केले, पण रक्कम निम्मी दिली. अट अशी की, जाण्यापूर्वी तीन रविवार वाचनालयात यावे आणि आल्यावर एक रविवार द्यावा. ज्या सभासदांनी प्रश्न विचारला होता, त्यांनीच पहिल्या वर्गाला खुर्च्या लावल्या. पाच नोटा मात्र बदलून मिळाल्या नाहीत. साऱ्या मिळून तीन लाख ऐंशी हजार डाँग, म्हणजे आपले साडेबाराशे रुपये. मुलीने त्या वाचनालयाला दिल्या आहेत. फळ्याशेजारच्या काचेच्या कपाटात त्या मागची बाजू वर करून ठेवल्या आहेत. येत्या हिवाळ्यात सहलीला जाणारी मुले आधी एका रविवारी पहाटेच्या गाडीने गोंदियाला जाणार आहेत. मीही नाव दिले आहे.